काठोकाठ भरलेली बाटली

१

बाटलीतून निघालं ते चक्क नितळ पाणी.

अध्यक्षबाईंनी झाकण फिरवलं तसं थोडं पाणी काठावरून सांडून टेबलक्लॉथवर पसरलं. बाकीचं त्यांनी पांढऱ्या भांड्यात ओतलं, आणि समितीचे सगळे सभासद खुर्च्यांतून अर्धवट उठून भांड्यात डोकावले. काळं नाही, जांभळं नाही, फेस नाही, वास नाही. मागच्या रांगेत कोणीतरी खुदकन हसलं आणि बघता बघता सगळं सभागृह हसायला लागलं.

"चहा टाकायला हरकत नाही," मखमलसाहेब म्हणाले, तेही इतक्या प्रेमाने की रागवायचीही सोय राहू नये. मखमल हे त्यांचं टोपणनाव. कारखानदारांच्या संघटनेचे ते प्रवक्ते, आणि आवाज असा मऊ की माणूस नाही म्हणायला जायचा आणि मान हलवून बसायचा.

प्रकरण साधं होतं. विषारी पाणी चोरून नाल्यात सोडणाऱ्या कारखान्यांना आजवर फक्त दंड व्हायचा. दंड भरायचा आणि पुन्हा सोडायचं, असा सगळा सुखाचा संसार. नव्या कायद्याच्या मसुद्यात तुरुंग होता, कारखान्याला कुलूप होतं. तो मसुदा पातळ करायला मखमलसाहेब कितीतरी दिवस समितीच्या दारात पायघड्या घालून बसले होते. त्यांचं म्हणणं एकच, की असं चोरून पाणी कोणी सोडतच नाही, मग गरिबांच्या डोक्यावर ही टांगती तलवार कशाला? त्याला उत्तर म्हणून ही बाटली सर्वांसमोर उघडायची ठरली होती. एका बड्या कारखान्याच्या मागच्या नाल्यातलं पाणी होतं ते. म्हणजे असायला हवं होतं.

"मतदान जेवणाच्या सुट्टीनंतर," अध्यक्षबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा पडला होता. "तोवर कोणाला काही खुलासा करायचा असेल तर करावा. नाहीतर हा मसुदा पुढे रेटायचं तोंड मला उरलेलं नाही."

दाराशी आक्का उभी होती. आक्का म्हणजे या इमारतीच्या सुरक्षेची मुख्य. आधी पोलिसांत होती, आता निवृत्तीला टेकलेली, आणि कोणाची भीडभाड न ठेवणारी. बाटली तिनेच परवा फाटकावर घेतली होती. हेल्मेट घातलेला एक माणूस आला, काच खाली ओढलेली, आणि एवढ्या उकाड्यात हातांत जाड हातमोजे. त्याने कापडी पिशवी तिच्यापुढे धरली.

"मावशी, समितीला द्या. जिवावर उदार होऊन आणलंय. सांभाळाल ना?"

"माझ्या जिवासारखं सांभाळीन," आक्का म्हणाली होती.

पिशवी एका बाजूने ओली होती. आक्काच्या बोटांना जो वास लागला तो साबणाने तीनदा हात धुऊनही गेला नव्हता, आणि हात पुसलेल्या रुमालावरचा विटकरी डाग अजून तसाच होता. तेव्हा त्या बाटलीत नितळ पाणी असणं शक्यच नव्हतं. कोणीतरी बाटली बदलली होती, तीही तिच्या नाकाखालून, आणि ज्याला शब्द दिला त्या माणसाचं तोंडही तिने पाहिलेलं नव्हतं.

२

टेबलावर सोलून टाकलेली काळी चिकटपट्टी पडली होती. आक्काने ती उचलली आणि जागच्या जागी थबकली.

चिकटपट्टीचं टोक शोधण्यात आक्काचं अर्धं आयुष्य गेलं होतं. नखाने खरवडा, उजेडात धरा, शिव्या घाला, तरी ते टोक काही सापडायचं नाही. म्हणूनच परवा फाटकावर तिचं लक्ष गेलं होतं. झाकणाभोवती गुंडाळलेल्या पट्टीचं टोक आत मुडपून त्याचा इवलासा कान केला होता, की धरला आणि ओढला. काय डोकं आहे, असं तिला तेव्हा वाटलं होतं. आत्ता हातातल्या पट्टीलाही तस्सा कान होता. पट्टी तशीच आहे म्हणून तर बाटली उघडली गेलेली नाही असं सगळे धरून चालले होते.

बरं, बाटली होती औषधाच्या दुकानात मिळते तशी तपकिरी काचेची. आत काय आहे ते बाहेरून दिसायचं नाही. गळ्यात नमुन्याची चिठ्ठी बांधून ती समितीच्या खोलीतल्या कपाटात ठेवली होती, आणि काल संध्याकाळी त्या खोलीत तिघेच गेले होते. हेडक्लार्क, मखमलसाहेब आणि समितीच्या प्रयोगशाळेच्या रसायनबाई. किल्ली कपाटालाच लटकत होती, कारण हेडक्लार्क चहाला गेले होते. हेडक्लार्क चहाला गेले नाहीत असा दिवस अजून उजाडायचा होता.

आक्काने आधी त्यांनाच आपल्या चौकीत बोलावलं. चौकी म्हणजे फाटकाजवळची खोली. एक टेबल, दोन खुर्च्या आणि कोपऱ्यात तडकलेल्या मुठीची छत्री.

"आक्का, देवाशपथ सांगतो, मी त्या बाटलीला हात लावला नाही," हेडक्लार्क आल्या आल्या म्हणाले. त्यांची पाचावर धारण बसली होती. "मला मुळात वास सहन होत नाही. मी कपाट उघडलं, बाटली बघितली, तेवढ्यात चहा आल्याचं कळलं."

"बसा हो, मी कुठे काय म्हणतेय? माझं एक काम करा. ही छत्रीची मूठ तडकलीय, तेवढी चिकटपट्टी गुंडाळून द्या. माझी बोटं आखडलीत."

हेडक्लार्कांनी पट्टी दातांनी तोडली, मुठीवर दोन वेढे मारले आणि टोक अंगठ्याने दाबून सपाट केलं. ते गेल्यावर आक्काने ती पट्टी नखाने खरवडून काढली, आणि काढताना हेडक्लार्कांच्या नावाने पुटपुटत राहिली.

मखमलसाहेब आले ते हसतच. "आक्का, आपण माझ्यावर संशय घ्यावा हे मी माझं भाग्य समजतो. पण विचार करा. ज्यानं बाटली आणली त्यानंच ती नळावर भरली असेल. आमच्या बदनामीसाठी लोक काय वाटेल ते करतात."

"असेल बाई. काल खोलीत कशाला गेला होतात?"

"बाटली जागेवर आहे ना ते बघायला. रसायनबाईही तिथेच भेटल्या. थोडं बोललो. फार सज्जन बाई आहेत."

"काय बोललात?"

"घरचं, मुलाबाळांचं." ते पुन्हा हसले. "आपण माणसं आहोत, आक्का. कायदे काय, येतात आणि जातात."

आक्काने छत्री त्यांच्या हातात दिली. मखमलसाहेबांनी पट्टी ओढली, ती त्यांच्याच बोटांना चिकटली, मग बाहीला चिकटली, शेवटी त्यांनी आजूबाजूला बघितलं आणि विचारलं, "इथे शिपाई नाही का कोणी?"

हा माणूस लोकांना गुंडाळू शकतो, पण छत्रीला नाही, हे आक्काच्या लक्षात आलं. त्याच्या बाहीवरची पट्टी तिनेच सोडवून दिली.

आता एकच जण उरली होती, आणि तिला बोलवायला आक्काचं मन घेईना.

३

रसायनबाई आणि आक्का कितीतरी वर्षं एकाच बाकावर बसून डबा खात आल्या होत्या. आक्काचा नवरा गेला तेव्हा तेराव्या दिवसापर्यंत रसायनबाईच तिच्या घरी झोपायला यायच्या. रसायनबाईंनाही नवरा नव्हता. एकुलत्या एका मुलाला त्यांनी एकटीने वाढवलं, त्याला अजून त्या बाळच म्हणायच्या. बाळ शाळेत होता तेव्हा दप्तर पाठीला लावून कधीकधी इथे फाटकाशी आईसाठी थांबायचा. तेव्हाचाच काय तो आक्काला आठवत होता. पुढे कुठल्याशा कारखान्यात लागला, आणि नोकरी लागल्या लागल्या आईच्या हाती आक्कासाठी ही छत्री पाठवली. ते आठवून आक्काला छत्री जरा कोपऱ्यात सरकवावीशी वाटली.

"डोळे का सुजलेत तुझे?" आक्काने विचारलं.

"झोप झाली नाही." रसायनबाई खुर्चीच्या कडेवर टेकल्या. "मतदान होऊन जाऊ दे एकदाचं."

"बाटली उघडली तेव्हा पाणी सांडलं बघ. एवढी गच्च भरतात का?"

"नमुना काठोकाठच भरायचा असतो, आक्का. आत हवा राहिली की वास उडून जातो, काही घटक निघून जातात. झाकणसुद्धा बाटली पाण्यात बुडवून आतल्या आत लावायचं, म्हणजे एक बुडबुडा राहत नाही." शिकवायला लागल्या की त्यांचा चेहरा उजळायचा, तसा आत्ताही क्षणभर उजळला.

"परवाही ती तशीच होती. पिशवी कलती केली तरी आत डुचमळल्याचा आवाज नाही."

"हो ना. मी उचलून बघितली तेव्हा मलाही वाटलं, ज्यानं कोणी भरलीय त्याला कोणीतरी नीट शिकवलेलं आहे."

बोलता बोलता त्यांनी छत्री कोपऱ्यातून उचलली होती. मूठ तडकलेली दिसली, टेबलावर पट्टीचं भेंडोळं दिसलं, आणि बाईला गप्प कुठे बसवतंय? त्यांनी न सांगता मूठ नीट जुळवली, पट्टी घट्ट गुंडाळली, आणि शेवटी टोक आत मुडपून त्याचा इवलासा कान केला.

आक्काने तो कान बघितला.

"छान झालं गं," ती म्हणाली.

४

रसायनबाई गेल्यावर आक्का बराच वेळ छत्रीकडे बघत बसली. बाटली बदलली ती रसायनबाईंनी, यात आता शंका नव्हती. काठोकाठ भरणं ही प्रयोगशाळेची सवय आणि पट्टीचा कान ही त्यांची स्वतःची. पण मग परवाच्या बाटलीचं काय? ती बाहेरून आली, एका पुरुषाच्या हातून आली. तीही काठोकाठ भरलेली, तिलाही तोच कान. दोन्ही बाटल्या एकाच हातच्या म्हणाव्यात, तर हात मात्र दोन होते.

आणि रसायनबाईंनी परवाच्या पट्टीकडे बघून काहीच कसं म्हटलं नाही? आक्काला तो कान बघून नवल वाटलं होतं. त्यांना का नाही वाटलं?

समोरच्या फुटपाथवर स्कूटरला टेकून एक माणूस सकाळपासून उभा होता. डोक्यावर हेल्मेट तसंच. आक्काने त्याच्याकडे बघितलं, आणि मग परवाचा एक शब्द तिच्या कानात वाजला. या इमारतीत शिपायापासून अध्यक्षबाईंपर्यंत जो तो तिला आक्का म्हणायचा. तिला मावशी म्हणणारं माणूस जगात एकच होतं, आणि ते दप्तर पाठीला लावून आईसाठी थांबायचं.

"अरे देवा," आक्का मोठ्यांदा म्हणाली आणि उठली.

प्रयोगशाळेत रसायनबाई खिडकीपाशी उभ्या होत्या. आक्काने दार आतून लावून घेतलं.

"अगं, पाणी कुठे आहे?"

रसायनबाईंनी एकदा तिच्याकडे बघितलं. त्या खाली स्टुलावर बसल्या. नाही म्हणायचा प्रयत्नसुद्धा त्यांनी केला नाही.

"फ्रीजमध्ये," त्या म्हणाल्या. "ओतून टाकणार होते. हात धजेना, आक्का. आयुष्यभर नमुने सांभाळले मी. थंडीत, अंधारात ठेवलीय, जशी ठेवायची तशीच."

"आणि असं केलंस का?"

"बाळ त्याच कारखान्यात आहे. पाणी सोडायचा व्हॉल्व्ह त्याच्या पाळीत फिरतो." त्यांनी फ्रीजकडे बघितलं. "मखमलसाहेब म्हणाले, बाई, कायदा कितीही कडक करा, मोठे मासे सुटतात. व्हॉल्व्हवर हात कोणाचा, हेच कोर्टात पहिल्यांदा विचारतात. मग म्हणाले, आपले चिरंजीव तिथेच आहेत ना, जपा त्यांना. इतक्या मायेनं म्हणाले गं. माझं डोकंच चालेनासं झालं. मी नळाची बाटली भरली, खऱ्या बाटलीच्या गळ्यातली चिठ्ठी काढून तिच्या गळ्यात बांधली."

आक्काने फ्रीज उघडला. तपकिरी बाटली सगळ्यात मागे उभी होती. ती तिने रसायनबाईंच्या मांडीवर ठेवली.

"हिची पट्टी तू उघडलीस?"

"नाही. नुसती उचलून आणली."

"मग हा कान कोणी मुडपला?"

"कुठला कान?"

"हा."

"अगं, पट्टी आहे ती. पट्टीला कान असतोच—"

"नसतो गं," आक्का हळूच म्हणाली. "कुणाच्याच पट्टीला नसतो. सकाळपासून बघतेय मी. तुझ्या घरी असतो."

रसायनबाईंनी बाटली उजेडात धरली. कलती केली. आत एक बुडबुडा हलला नाही. मग त्यांचं बोट त्या कानावरून फिरलं, एकदा, पुन्हा एकदा.

"बाळ?"

आक्काने मान हलवली. "जिवावर उदार होऊन आणलंय म्हणाला. मला मावशी म्हणाला, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही."

रसायनबाई बाटली छातीशी धरून रडायला लागल्या, आणि आक्काने त्यांना रडू दिलं. इतकी वर्षं पाठीवर हात फिरवायची पाळी त्यांची असायची, आज आक्काची होती. पोलिसातली बाई ही, पण तिचेही डोळे भरले.

जेवणाची सुट्टी संपल्याची घंटा झाली.

"ही बाटली मी नेऊन देते," आक्का म्हणाली. "कपाटाच्या मागे सापडली म्हणून सांगते. माझं काय जातंय? निवृत्त तर व्हायचंच आहे."

हे वाक्य तोंडून निघाल्यावर आक्काला स्वतःचंच नवल वाटलं. रसायनबाईंनी डोळे पुसले.

"नको. नमुना कोणाकडून कोणाकडे गेला ते खरं सांगायचं असतं. नाहीतर तो नमुनाच राहत नाही," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

५

सभागृहात रसायनबाई सरळ अध्यक्षबाईंच्या टेबलापाशी गेल्या. त्यांनी बाटली ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. काहीच वगळलं नाही, मुलाबद्दल वाटलेली भीतीही नाही. फक्त मुलाने काय केलं ते सांगितलं नाही. ते सांगायचा हक्क आपला नाही असं त्यांना वाटलं असावं.

"रसायनबाईंबद्दल मला फार वाईट वाटतं," मखमलसाहेब उठले. "मी त्यांना काहीही करायला सांगितलेलं नाही."

"नाहीच सांगितलंत," आक्का दारातून म्हणाली. "तुमच्यावर गुन्हा कुठला लावणार? तीच तर तुमची कला."

"पण आता या बाटलीवर विश्वास तरी कोणी ठेवायचा? एकदा बदलली, दोनदा बदलली. ती भरली कोणी, कुठे, कोणाला ठाऊक?"

मुद्दा बिनतोड होता. अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. सभासद एकमेकांकडे बघायला लागले, आणि रसायनबाईंनी ओठ घट्ट मिटले. शब्द बाहेर पडला तर मुलगा सापडणार, नाही पडला तर त्याचं सगळं वाया जाणार.

आक्का केव्हाच फाटकाकडे निघाली होती. फुटपाथवरच्या माणसाला तिने एवढंच सांगितलं, "बाळा, तुझी आई आत एकटी उभी आहे."

तो पळतच आत आला. सभागृहाच्या दारात त्याने हेल्मेट काढलं.

"मी भरलं," तो म्हणाला. "कारखान्याच्या मागे, नाल्याच्या तोंडाशी. व्हॉल्व्ह मीच फिरवतो. कोण फिरवायला लावतं ते विचारा, सांगतो. कुठून कुठे पाइप गेलाय तेही दाखवतो, आत्ता चला."

"तुम्ही स्वतःच अडकाल, कळतंय ना?" मखमलसाहेबांचा आवाज अजूनही मऊच होता. "पहिली कोठडी तुमची."

"द्या की. फक्त हुकूम देणाऱ्यांची माझ्या शेजारी द्या. आजवर ते दंड भरून घरी जायचे आणि मी रोज घाण सोडायचो. मला झोप नाही लागत हो."

अध्यक्षबाईंनी पट्टीचा कान धरून ओढला. झाकण फिरलं आणि विटकरी पाणी काठावरून सांडलं. पहिल्या रांगेतल्यांनी नाकाला रुमाल लावले, मागच्या रांगेतले खिडक्या उघडायला धावले. हेडक्लार्क तर चहा विसरून थेट अंगणात गेले. कोणी हसलं नाही.

मतदान त्या वासातच झालं. मसुदा पातळ न होता पुढे गेला, आणि अध्यक्षबाईंनी त्यात एक कलम वाढवलं, की हुकूम देणारा आधी जबाबदार, आणि स्वतःहून पुढे येऊन सांगणाऱ्या कामगाराला संरक्षण. त्यानंतर सभासदांच्या गाड्या नाल्याकडे निघाल्या. रसायनबाईंना मात्र अध्यक्षबाईंनी कामावरून थांबवलं, चौकशी होईपर्यंत. "माझा नाइलाज आहे," असं त्या म्हणाल्या, आणि रसायनबाई म्हणाल्या, "असायलाच हवा."

बाळलाही पाइप दाखवायला जायचं होतं. गाडी येईपर्यंत मायलेक आक्काच्या चौकीत बसले होते. आक्का उगाच टेबल पुसत होती.

"झाकण पाण्यात बुडवून लावलंस?" शेवटी आईने विचारलं.

"हो. तू शिकवलंयस तसंच. एक बुडबुडा राहू दिला नाही."

"बघितलं मी." त्यांनी त्याच्या कपाळावरचे केस मागे सारले. "मला आधी का नाही सांगितलंस रे?"

"तू घाबरली असतीस."

"घाबरले तर होतेच. आणि बघ काय करून बसले."

त्याने आईच्या खांद्यावर हात ठेवला, जाड हातमोज्यातला. रसायनबाईंनी त्या हाताकडे बघितलं, मग त्याच्या तोंडाकडे.

"हे का घातलेत एवढ्या उकाड्यात?"

"स्कूटर चालवायला."

"बाटली बुडवलीस तेव्हा घातले होते?"

बाळने हात मागे घेतला. त्या उठल्या, त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि एकेक बोट सैल करत, लहानपणी काढायच्या तसे हातमोजे काढले. मनगटापर्यंत कातडी लाल होऊन सोलवटली होती.

"घालून झाकण नीट फिरत नव्हतं, आई," तो म्हणाला. "बुडबुडा राहायचा."

आक्काने तोंड फिरवलं आणि कपाटातली औषधाची पेटी काढायला गेली. तिथून तिने ऐकलं, रसायनबाई तिच्याकडे मलम मागत होत्या, पाणी मागत होत्या, पट्टी मागत होत्या, आणि बाळ म्हणत होता, अगं, एवढं काही नाही. थोड्या वेळाने त्याच्या दोन्ही हातांना पांढऱ्या पट्ट्या गुंडाळून झाल्या. टोकं चिकटपट्टीने बसवली होती, आणि प्रत्येक टोकाला इवलासा कान होता, सोडताना दुखू नये म्हणून.